‘आज विशेष काही नाही’

*ताई, नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे आणि मुलगा तिसरीत. गुढीपाडव्याला मी मुलीला छोटं कुलूप असलेली एक सुंदर डायरी आणून दिली. रोज एक पान लिहायचं असं ठरलं. पहिले वीसेक दिवस तिने मनापासून लिहिलं. डायरीला दोन किल्ल्या होत्या, एक मी माझ्याकडे ठेवली होती. रात्री वाचायचे, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, खाली ‘छान’ म्हणून शेरा द्यायचे. एके दिवशी तिने लिहिलं होतं, ‘आई बाबांशी फोनवर ओरडून बोलते तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसते.’ मला ते फार लागलं. मी तिला विचारलं, समजावलं, तिच्या मावशीलाही बोलून दाखवलं. त्यानंतर ती रोज एकच वाक्य लिहायला लागली, ‘आज विशेष काही नाही.’ आता तेही बंद आहे. मुलगा तर वहीत नुसते क्रिकेटचे स्कोअर मांडतो, त्याला डायरी म्हणायचं का? मुलांची भाषा सुधारावी, मोबाइल सुटावा, मन मोकळं करायची सवय लागावी, एवढीच माझी इच्छा आहे. रोज लिहिलं तर बक्षीस, असं ठेवू का?*

*एक आई, डोंबिवली*

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या दुसऱ्या किल्लीपाशी अडखळले. तुम्ही ती सहज लिहून गेला आहात, दुधाचा हिशेब सांगावा तशी. पण सगळं तिथेच आहे.

पहिले वीस दिवस तुमची मुलगी जे लिहीत होती ती तुम्हाला रोज लिहिलेली चिठ्ठी होती. आई वाचणार, आई ‘छान’ म्हणणार, हे तिला माहीत होतं आणि ते तिला आवडतही होतं. मग एका संध्याकाळी तिच्या हातून स्वतःसाठी एक वाक्य लिहिलं गेलं. गॅलरीचं. पहिलं खरं वाक्य, आणि नेमकी त्याचीच झडती झाली. तिला उत्तर द्यावं लागलं, ऐकून घ्यावं लागलं, आणि वर ते मावशीच्या घरी पोचलं. मावशीने पुढच्या भेटीत तिच्याकडे जरा जास्त मायेने पाहिलं असेल. मुलांना तेवढं पुरतं. ‘आज विशेष काही नाही’ हे तिने स्वतः बसवलेलं कुलूप आहे, आणि त्याची दुसरी किल्ली बाजारात मिळत नाही.

रागावू नका. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली पहिली काही वर्षं हाच उद्योग पंचावन्न मुलांवर एकदम केला. रोज दहा ओळी रोजनिशी, शनिवारी वह्या गोळा, रविवारी लाल पेन. बहुतेक वह्यांत एकच मजकूर असायचा: सकाळी उठलो, दात घासले, आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, शाळेत आलो. एक पठ्ठ्या आठवड्याची रोजनिशी शुक्रवारी रात्री एका बैठकीत उरकायचा. एकदा त्याने शनिवारही आदल्या रात्रीच लिहून टाकला, ‘आज बाईंनी वह्या तपासल्या.’ आणि मी त्याखाली लिहिलं होतं, ‘अक्षर सुधार.’

त्याच वर्षी एका मुलीने एका पानाला चारही बाजूंनी स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या. मी त्या फुटपट्टीने काढल्या. आत काय होतं ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही. पण सोमवारी वही परत घेताना तिने पहिल्यांदा पिनांची भोकं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. वर्षभर ती माझ्या तासाला हात वर करायची नाही. पुढच्या जूनमध्ये मी वर्गात नियम सांगितला: ज्या पानाला घडी घातलेली असेल ते बाई उघडणार नाहीत. पोरं महा वस्ताद. पहिले दोन महिने त्यांनी माझी परीक्षा घेतली. कोऱ्या पानांना घड्या घातल्या, घडीत पेन्सिलीचं साल ठेवलं, केस ठेवला, म्हणजे उघडलं की कळेल. दिवाळीपर्यंत त्यांची खात्री पटली असावी, कारण निम्मीअधिक पानं दुमडलेली यायला लागली. मुख्याध्यापकांनी विचारलं, वह्या तपासल्या का? म्हटलं, हो, घड्या मोजल्या.

डायरी म्हटलं की आपल्याकडे नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीचं, अ‍ॅन फ्रँकचं नाव निघतंच. तेराव्या वाढदिवशी, 12 जून 1942 ला, तिला लाल-पांढऱ्या चौकड्यांची वही मिळाली. तिलाही छोटंसं कुलूप होतं. शिक्षक, पालक सगळे मुलांना सांगतात, बघा, ती कशा परिस्थितीत लिहीत होती. मला मात्र त्या गोष्टीत दुसरंच माणूस आठवतं. फ्रँक कुटुंबाला लपायला मदत करणाऱ्या, त्यांच्याच कचेरीतल्या मीप गीस. 4 ऑगस्ट 1944 ला धाड पडली. पोलिसांनी दागिने भरायला ब्रीफकेस रिकामी केली आणि अ‍ॅनच्या वह्या, सुटे कागद जमिनीवर विखुरले. मीप आणि त्यांच्या सहकारी बेप यांनी ते गोळा केले. मीपबाईंनी ते टेबलाच्या खणात ठेवले आणि जवळजवळ वर्षभर त्यातलं एक पान वाचलं नाही. ती पोर परत आली की तिचं तिला द्यायचं, एवढाच हिशेब. पुढे त्या म्हणाल्या की वाचलं असतं तर मला ते जाळावं लागलं असतं, कारण मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं त्यात होती. अ‍ॅन परत येणार नाही हे कळल्यावर त्यांनी ते कागद तिच्या वडिलांच्या हातात दिले. जी वही आज जग वाचतं, ती उरली ती एका बाईने न वाचल्यामुळे.

आता तुमच्याकडे वळू. आधी माफी मागा. तीन वाक्यं पुरतात: ‘तुझी डायरी मी वाचायला नको होती. मावशीला सांगायला तर मुळीच नको होतं. यापुढे वाचणार नाही.’ इथे थांबा. ‘पण मला तुझी काळजी वाटते ना म्हणून’ हे चौथं वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. त्या चौथ्या वाक्याने पहिली तीन पुसली जातात. ती काही बोलणार नाही, खांदे उडवेल, ‘ठीके’ म्हणेल. तेवढ्यावर उठा आणि कुकर लावा. आणि त्या गॅलरीच्या वाक्याबद्दल: तुमच्यात आणि तिच्या बाबांमध्ये काय चाललंय ते मला माहीत नाही, तुम्ही लिहिलं नाही, मी विचारतही नाही. पण त्या वाक्याचं उत्तर मुलीला समजावण्यात नाही. ते फोनवर आहे.

दुसरं, डायरी आणि वही यांत मी नेहमी वहीची बाजू घेते. छापील तारखांची डायरी मुलांच्या मुळावर येते. आपल्या घरात त्या कशा येतात ते आठवा. जानेवारीत ऑफिसातून एक, विमा एजंटाकडून एक, पतपेढीची एक. संक्रांतीपर्यंत लिहून होतं, मग चार दिवस राहतात, आणि ती चार कोरी पानं तारखांसकट समोर उभी राहतात. मोठी माणसंही तिथेच डायरी सोडतात. माझ्याकडच्या सगळ्या विमा डायऱ्या शेवटी पाककृती आणि धोब्याच्या कपड्यांच्या कामी आल्या. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी एकरेघी वही आणा. तारीख ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी घालायची. मध्ये आठ दिवस गेले तर वहीला ते कळत नाही. ‘रोज एक पान’ हा करारही मोडून टाका. सहावीतल्या मुलीला शाळा, क्लास, गृहपाठ यानंतर रात्री साडेनऊला एक पान म्हणजे आणखी एक गृहपाठ.

रोजनिशी ही काही आपल्याला बाहेरून आलेली गोष्ट नाही, फक्त आपण तिला मनाच्या गुजगोष्टींची वही समजत नव्हतो. पेशवाईतल्या कारकुनांनी रोजकीर्दी लिहिल्या, कुणाला काय दिलं, कुठून काय आलं. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आजही आहेत, आणि त्या कोरड्या नोंदींमधून इतिहासकारांना त्या काळाचा संसार दिसतो. माझी आई चौथी शिकलेली. ती आयुष्यभर खर्चाची वही लिहायची. दूध, दळण, रॉकेल, शाळेची फी. ती गेल्यावर वह्या चाळताना एका पानावर सापडलं, ‘दूध 1 लि. दळण. आज अण्णा गेले. पाऊस.’ अण्णा म्हणजे तिचे वडील. त्या दिवशीही तिने दळणाची नोंद चुकवली नव्हती. मी कुठलाही शोकलेख वाचून इतकी रडले नसेन.

म्हणून एक अगदी सोपी युक्ती सांगते, ती माझ्या नातवंडांवर चालली आहे. स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’ असेलच. 1973 पासून ते मराठी भिंतींवर आहे, आणि त्याच्या चौकोनात दूध, गॅस, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या लिहिणं ही आपली खरी राष्ट्रीय रोजनिशी. तसंच एक दुसरं कॅलेंडर आणा, मोठ्या चौकोनांचं, आणि मुलांच्या उंचीवर टांगा. ज्याला वाटेल त्याने त्या चौकोनात मावेल एवढंच लिहायचं. हे सगळ्यांनी वाचायचं असतं, म्हणून त्यात कुणाचं गुपित फुटत नाही. माझ्या नातीच्या मागच्या वर्षीच्या नोंदी पाहा: ‘नवीन बेंच पार्टनर. नाक ओढतो.’ ‘डब्यात पुन्हा भेंडी.’ ‘दात पडला. गिळला?’ त्या प्रश्नचिन्हात एक अख्खी रात्र आहे. कॅलेंडर सगळ्यांचं आणि वही तिची एकटीची, ही फोड मुलांना पटकन समजते. कॅलेंडरवर लिहिता लिहिता कधीतरी चौकोन कमी पडतो, तेव्हा वही आठवते. नाही आठवली तर कॅलेंडर आहेच.

भाषा सुधारावी ही इच्छा मी समजू शकते, माझं पोटच त्यावर चाललं. तरी सांगते, ऱ्हस्व-दीर्घाला निबंधाच्या वहीत गाठा. इथे ती अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी लिहील, ‘फायनली बोअरिंग पिरियड संपला’ असं लिहील, लिहू द्या. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जड गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. सूचना अशी की व्याकरण, स्पेलिंग, वाक्यरचना यांची फिकीर करू नका. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहिल्या लिहिल्या जरा उदासच झाले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या. आता हे वाचून घरात चार दिवसांचा कोर्स सुरू करू नका. ते विद्यार्थी मोठे होते, आणि रोजच्या डायरीबद्दल तो प्रयोग काहीच सांगत नाही. मी त्यातून एवढंच उचलते की मनावरचं लिहायचं असेल तेव्हा शुद्धलेखनाने दाराबाहेर थांबावं.

तुमच्या मुलाच्या स्कोअरबद्दल मात्र मला मनापासून भांडायचं आहे. ‘नुसते’ स्कोअर? पक्षितज्ज्ञ सालिम अली गिरगावात खेतवाडीत वाढले. 1906-07 च्या सुमाराला, नऊ-दहा वर्षांचे असताना, त्यांनी एक टिपण केलं. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीने घरटं केलं होतं, मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. या पोराने छर्‍याच्या बंदुकीने नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ नवा नर हजर. तोही टिपला, तर आणखी एक. सात दिवसांत आठ नर. पोराने हे लिहून ठेवलं ते आपल्या नेमबाजीची फुशारकी म्हणून. निव्वळ स्कोअर! सुमारे साठ वर्षांनी तेच टिपण पक्षिनिरीक्षकांच्या वार्तापत्रात छापून आलं, कारण जोडीदार गेल्यावर चिमणी काय करते याची ती एक नेमकी नोंद ठरली. त्या पोराला तेव्हा कुणी ‘चिमण्यांना काय वाटलं असेल ते लिही’ म्हटलं असतं, तर त्याने वही फेकून दिली असती. (चिमण्यांच्या वतीने मीही दोन शब्द बोलले असते, ते वेगळं.)

काही मुलांना मनातलं लिहायला जमतच नाही, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. त्यांना मोजायला आवडतं. तुमच्या तिसरीतल्या गड्याला स्कोअर लिहू द्या. फार तर एकदा विचारा, पिच कसं होतं, बॉल कुणाच्या घरात गेला? विचारून सोडून द्या. आता आषाढ आहे, हवं तर त्याला पावसाची वही काढून द्या. सरळ बाजूंची एक बरणी गच्चीत उघड्यावर ठेवायची, आत पट्टी धरून किती मिलिमीटर साचलं ते लिहायचं आणि ओतून द्यायचं. वेधशाळा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, सुट्टीच्या दिवशी त्यानेही तीच वेळ धरावी. बातम्यांमधला आकडा आणि आपल्या बरणीतला आकडा जुळत नाही हे कळलं की तो जे भांडायला लागेल, ते पाहण्यासारखं असतं.

बक्षीस नको. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पानाला पाच रुपये लावले होते. मुलाचं अक्षर आठवड्यात दुप्पट मोठं झालं.

मोबाइलचं मी फार मनावर घेत नाही. उद्या ती फोनमध्ये टाइप करायला लागली तर ती तिची वही, तिथेही डोकावायचं नाही. आणि मोबाइल सुटावा म्हणून डायरी, असं तिला जाणवलं तर ती शिक्षाच वाटेल. त्यापेक्षा तुम्ही स्वतः लिहायला बसा. मुलांना दाखवायला म्हणून नको, ते त्यांना लगेच कळतं. खरंच लिहा, चार ओळी, त्या फोनबद्दलही लिहा. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल की आपल्या खांद्यावरून कुणी वाचेल या भीतीने हात कसा आखडतो. वही उशीखाली ठेवाल. मुलीने ती काढून वाचली तर? वाचेलही. तेव्हा तुम्हाला जो राग येईल, तो तिच्यावर काढण्याआधी पाडव्याची डायरी आठवा.

एक गोष्ट गंभीरपणे. ‘कधीच वाचायचं नाही’ याला अपवाद आहे. मूल जेवत-झोपत नाहीसं झालं, शाळेत जायला घाबरू लागलं, अंगावर जखमा दिसू लागल्या, जगणं नको असं बोलू लागलं, तर आधी त्याच्याशी सरळ बोला आणि डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला कुणापासून धोका असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098. जीवाचा प्रश्न असेल तर वहीही उघडा, पण उघडलीत हे त्याला सांगा. गॅलरीत जाऊन बसणं मात्र या यादीत येत नाही. सहावीतली मुलगी आवाजापासून चार पावलं दूर गेली, हे मला तरी शहाणपणाचं वाटतं.

राहता राहिली ती जुनी डायरी, तुमच्या लाल दुरुस्त्यांसकट. ती लपवू नका, पानं फाडू नका. दोन्ही किल्ल्या डायरीवर ठेवून तिला देऊन टाका, आणि तिचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. ती बहुधा पुढच्या रविवारी रद्दीच्या गठ्ठ्यात टाकेल. तिथून ती गुपचूप काढून कपाटात साड्यांखाली ठेवायचा मोह तुम्हाला होईल. रद्दीवाला येईपर्यंत त्या दिवशी जरा मंडईत जाऊन या.

तुमची,
ताई